स्वाक्षरीची साक्ष

माणूस कागदावर आपले नाव लिहितो तेव्हा तो नेमके काय करतो? व्यवहारापुरते या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. खरेदीखतावर सही झाली की जमिनीचा मालक बदलतो. निकाहनाम्यावर सही झाली की महरची कबुली लेखी होते. परंतु ज्या कागदाने आपोआप काहीच घडत नाही, ज्यात सत्ताधीशाला केवळ विनंती केलेली असते, त्यावरच्या सहीचे मोल काय? ती विनंती फेटाळली गेली, किंवा त्याहूनही वाईट म्हणजे ती वाचलीच गेली नाही, तर सही करणाऱ्याचे श्रम वाया गेले असे म्हणावे काय?

हा प्रश्न राजकारणाचा वाटतो, पण मुळात तो ईमान आणि जबाबदारीचा आहे. गेल्या शतकात तो सर्वाधिक तीव्रतेने उभा राहिला तो अण्वस्त्रांच्या संदर्भात. ज्यांच्या हाती सैन्य नव्हते, सत्ता नव्हती, अशा शास्त्रज्ञांनी आणि सामान्य स्त्री-पुरुषांनी कागदावर नावे लिहून जगातील सर्वात बलाढ्य राज्यांना अडवू पाहिले. त्यांपैकी बहुतेक आपल्या धर्माचे नव्हते. तरीही त्यांच्या या कृतीकडे कुरआन आणि सुन्नतच्या प्रकाशात पाहिले, तर आपल्या स्वतःच्या जबाबदारीविषयी पुष्कळ काही उमगते.

दोन सह्या

लिओ झिलार्ड हा हंगेरीत जन्मलेला ज्यू पदार्थवैज्ञानिक. हिटलर सत्तेवर येताच त्याने जर्मनी सोडली. १९३३ साली लंडनमध्ये असताना अणुकेंद्राच्या साखळी प्रक्रियेची कल्पना त्याला सुचली. अशी प्रक्रिया साधली तर अणूतील प्रचंड ऊर्जा मुक्त होईल आणि तिच्यापासून बॉम्बही बनेल, हे त्याने ओळखले. हिटलरच्या हाती हे अस्त्र आधी पडेल या भीतीने त्याने १९३९ साली अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना एक पत्र पाठविण्याची खटपट केली. त्या पत्रावर सही होती आल्बर्ट आइन्स्टाइन यांची. अमेरिकेच्या अणुबॉम्बच्या वाटेवरचे एक आरंभीचे पाऊल म्हणजे हे पत्र.

पुढे मे १९४५ मध्ये जर्मनीने शरणागती पत्करली. ज्या भीतीपोटी हे अस्त्र बनविण्यास घेतले होते, ती भीतीच उरली नाही. पण काम थांबले नाही. आता लक्ष्य जपान होते. तेव्हा झिलार्डने दुसरा कागद लिहिला. शिकागोच्या प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांमध्ये त्याने एक निवेदन फिरविले. १७ जुलै १९४५ ही तारीख असलेल्या त्या निवेदनावर त्याच्यासह ७० जणांच्या सह्या झाल्या. शरणागतीच्या अटी तपशीलवार जाहीर केल्याशिवाय आणि त्या माहीत असूनही जपानने नकार दिल्याशिवाय हे अस्त्र वापरू नये, आणि तसे झाले तरी अंतिम निर्णय नैतिक जबाबदारीचे भान ठेवूनच घ्यावा, अशी त्यात अध्यक्षांना विनंती होती. आदल्याच दिवशी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबॉम्बची चाचणी यशस्वी झालेली होती.

निवेदनाचा पहिला मसुदा याहून कडक होता. त्यावर ५९ सह्या झाल्या होत्या. अधिक लोकांना सही करता यावी म्हणून झिलार्डने भाषा सौम्य केली. काही सहकाऱ्यांनी तरीही सही नाकारली. युद्ध लांबले तर आणखी हजारो सैनिक मरतील, बॉम्बने ते लवकर संपेल, असे त्यांचे म्हणणे होते. शास्त्रज्ञाने शोध लावावा, वापराचा निर्णय राज्यकर्त्यांनी घ्यावा, असेही काहींना वाटत होते. हे आक्षेप दुष्ट माणसांचे नव्हते. विचारी माणसांचे होते. म्हणूनच ते नीट ऐकून घेतले पाहिजेत.

ते निवेदन लष्करी अधिकाऱ्यांच्या हातांतून फिरत राहिले. अणुबॉम्ब प्रकल्पाचे प्रमुख जनरल ग्रोव्हज यांच्याकडून १ ऑगस्टला ते युद्धमंत्र्यांच्या कार्यालयात पोहोचले. अध्यक्ष ट्रूमन तेव्हा युरोपात पॉट्सडॅम परिषदेत होते. त्यांच्या नजरेस ते पडलेच नाही. बॉम्ब टाकण्याचा आदेश तर २५ जुलैलाच निघालेला होता. ६ ऑगस्टला हिरोशिमा आणि ९ ऑगस्टला नागासाकी बेचिराख झाले. त्या वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० आणि नागासाकीत सुमारे ७०,००० माणसे मृत्युमुखी पडली. निवेदनावर गोपनीयतेचा शिक्का बसला आणि पुढे कित्येक वर्षे ते कपाटात बंद राहिले.

ज्या माणसाने पहिल्या पत्राची खटपट केली, त्यानेच दुसरे निवेदन लिहिले. सूरह निसामध्ये (आयत १३५) अल्लाहने ईमानधारकांना न्यायावर ठाम उभे राहण्याचा आणि अल्लाहसाठी साक्ष देण्याचा आदेश दिला आहे, मग ती साक्ष स्वतःविरुद्ध, आई-वडिलांविरुद्ध किंवा नातलगांविरुद्ध का जाईना. परक्याच्या अन्यायाविरुद्ध बोलणे सोपे असते. आपल्याच हातांनी घडविलेल्या वस्तूविरुद्ध, आपल्याच देशाच्या युद्धकाळात, आपल्याच वरिष्ठांच्या नजरेसमोर नाव लिहिणे अवघड असते. साक्षीचा खरा कस तिथे लागतो.

हात, जीभ आणि अंतःकरण

प्रत्येक मदरशात मुलांना सुरुवातीलाच शिकविली जाणारी एक हदीस आहे. वाईट गोष्ट दिसली तर ती हाताने बदलावी; ते शक्य नसेल तर जिभेने; तेही शक्य नसेल तर अंतःकरणाने तिला वाईट मानावे, आणि ही ईमानची सर्वात दुबळी पायरी होय, असा तिचा आशय आहे. अण्वस्त्रांच्या इतिहासात या तिन्ही पायऱ्या दिसतात.

पोलंडमध्ये जन्मलेला जोसेफ रोटब्लाट हा शास्त्रज्ञ लॉस अलामॉस येथे बॉम्बच्या कामावर होता. जर्मनीचा बॉम्ब तयार होणार नाही हे १९४४ च्या अखेरीस कळताच तो काम सोडून निघून गेला. त्याने आपला हात काढून घेतला. नंतरचे सारे आयुष्य त्याने अण्वस्त्रबंदीसाठी वेचले आणि १९९५ साली पगवॉश परिषदेसह त्याला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. झिलार्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जीभ वापरली. आणि असे कितीतरी लोक असतील ज्यांना मनातून हे पटत नव्हते, पण जे गप्प राहिले.

सही ही या पायऱ्यांपैकी कोणती? ती हाताने केली जाते, पण तिचे काम जिभेचे आहे. बोललेला शब्द हवेत विरतो, माणूस नंतर तो नाकारू शकतो. लिहिलेले नाव मात्र माणसाला बांधून ठेवते. म्हणूनच आपल्या शरीअतमध्ये कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याचा, त्यावर साक्षीदार घेण्याचा आदेश सूरह बकराच्या सर्वात लांब आयतीत आला आहे, आणि तिच्या लगोलग येणाऱ्या आयतीत साक्ष लपविणाऱ्याचे अंतःकरण पापी ठरविले आहे. मूठभर दिरहमांच्या कर्जाची साक्ष लपविणे जर अंतःकरणाचे पाप असेल, तर एका शहराच्या प्राणांविषयी जे ठाऊक आहे ते लपविणे काय म्हणावे?

ऐकलेच नाही तर?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. झिलार्डचे निवेदन वाचलेच गेले नाही. मग त्या ७० सह्यांचा उपयोग काय झाला?

सूरह आराफमध्ये (आयत १६३ ते १६६) समुद्रकाठच्या एका वस्तीची हकिकत आहे. शनिवारी मासेमारी करण्यास त्या लोकांना मनाई होती. नेमक्या शनिवारीच मासे पाण्यावर येत, आणि लोक मर्यादा ओलांडत. त्या वस्तीत तीन गट पडले. एक मर्यादा मोडणारा. दुसरा त्यांना अडविणारा. तिसरा गट स्वतः मासे पकडत नव्हता, पण अडविणाऱ्यांनाच विचारत होता की, अल्लाह ज्यांचा नाश करणार आहे अशांना उपदेश करून उपयोग काय? अडविणाऱ्यांनी दोन कारणे सांगितली. पहिले हे की, आपल्या पालनकर्त्यासमोर आमच्याकडे सांगण्यासारखे काही असावे. कुरआनने त्यासाठी ‘मअजिरत’ हा शब्द वापरला आहे. दुसरे हे की, कदाचित हे लोक सावरतीलही.

शिक्षा आली तेव्हा वाईटापासून रोखणारे वाचले आणि अत्याचारी पकडले गेले, असे कुरआन सांगते. मधल्या गटाचे काय झाले, याचा मात्र स्पष्ट उल्लेख नाही. हजरत इब्न अब्बास (रजि.) या आयतींवर विचार करताना त्या गप्प राहिलेल्यांच्या गतीने व्याकूळ होत, असे तफसीरकारांनी नोंदविले आहे. त्यांचे शिष्य इक्रिमा यांनी त्यांची समजूत घातली की, त्या लोकांनी निदान मनाने तरी या पापाला वाईट मानले होते, म्हणून तेही सुटले असावेत. पण कुरआनच्या एवढ्या मोठ्या भाष्यकाराला ज्या जागी धास्ती वाटली, ती जागा आपण निश्चिंतपणे ओलांडून जाऊ नये.

या हकिकतीतील दोन उत्तरांचा क्रम पाहा. आधी मअजिरत, मग आशा. यश मिळण्याची खात्री ही साक्षीची अट नाही. साक्षीदार न्यायालयात जातो तो निकाल आपल्या बाजूने लागेल म्हणून नव्हे. त्याला जे ठाऊक आहे ते सांगणे त्याच्यावर बंधनकारक आहे म्हणून. निकाल देणारा चुकला तर त्याचा हिशेब त्याच्याकडे. त्या ७० जणांच्या सह्यांनी हिरोशिमा वाचले नाही. परंतु ‘त्या काळी कोणालाच हे चुकीचे वाटले नव्हते’ असे म्हणण्याची सोय त्यांनी इतिहासाला ठेवली नाही.

तथापि केवळ मअजिरतवर समाधान मानून थांबणेही बरोबर नाही. तसे केले तर साक्ष ही स्वतःची कातडी वाचविण्याची युक्ती होऊन बसेल. ‘कदाचित सावरतीलही’ हे दुसरे कारण कुरआनने उगाच नोंदविलेले नाही. मनात ती आशा असेल तर माणूस एक सही करून घरी जात नाही. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा दार ठोठावतो.

दुधातून हाडांत

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. स्फोट अपेक्षेच्या दुपटीहून मोठा निघाला. आसपासच्या मार्शल बेटांवर किरणोत्सर्गी राख बर्फासारखी पडली. ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी नौकेवरील २३ खलाशी त्या राखेत सापडले. त्यांच्यापैकी रेडिओचालक कुबोयामा याचा सप्टेंबरमध्ये मृत्यू झाला. मार्शल बेटांच्या रहिवाशांनी २० एप्रिलला संयुक्त राष्ट्रांकडे लेखी अर्ज केला की, आमच्या घरच्या बेटांवर हे प्राणघातक स्फोट थांबवा. त्याच महिन्यात पंडित नेहरूंनी लोकसभेत अण्वस्त्रचाचण्या तूर्त थांबविण्याची मागणी केली.

जपानमध्ये माशांच्या बाजारात घबराट पसरली. टोकियोच्या सुगिनामी या भागात मासळी विकणारी कुटुंबे आणि गृहिणी एकत्र आल्या आणि त्यांनी घरोघरी सह्यांची मोहीम सुरू केली. तिला शास्त्रज्ञांची वा पक्षांची वाट पाहावी लागली नाही. ती देशभर पसरली आणि १९५५ च्या ऑगस्टपर्यंत सह्यांचा आकडा ३ कोटींच्या पलीकडे गेला. अणुबॉम्बमधून वाचलेल्यांच्या ‘निहोन हिदान्क्यो’ या संघटनेची स्थापना १९५६ साली याच जागृतीतून झाली. त्या संघटनेला २०२४ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या गृहिणींना अणुविज्ञान येत नव्हते. पण ताटात काय पडते आहे हे त्यांना कळत होते. साक्ष देण्यास तेवढे पुरे होते.

अमेरिकेत रसायनशास्त्राचे नोबेल मिळविलेले लायनस पॉलिंग आणि त्यांच्या पत्नी एव्हा हेलन यांनी १९५७ साली अण्वस्त्रचाचण्या थांबविण्याचे आवाहन शास्त्रज्ञांमध्ये फिरविले. काही आठवड्यांतच दोन हजारांवर अमेरिकी शास्त्रज्ञांनी सह्या केल्या. मग ते इतर देशांत गेले. जानेवारी १९५८ मध्ये नऊ हजारांहून अधिक सह्यांसह ते संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस हामरशोल्ड यांच्या हाती देण्यात आले. पुढे ही संख्या ४९ देशांतील ११,००० च्या वर गेली.

त्यांच्या युक्तिवादाचा गाभा साधा होता. स्फोटातून स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सर्गी द्रव्य हवेत पसरते. ते पावसाबरोबर गवतावर येते, गवतातून गायीच्या पोटात आणि दुधातून मुलांच्या शरीरात जाते. ते कॅल्शियमसारखे वागत असल्याने वाढत्या मुलांची हाडे आणि दात ते आपलेसे करतात. ते निम्मे होण्यास सुमारे २९ वर्षे लागतात. सेंट लुईस शहरात १९५८ च्या अखेरीपासून शास्त्रज्ञ आणि नागरिकांनी मिळून मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. दात देणाऱ्या मुलाला एक बिल्ला मिळे. डॉ. लुईझ राइस यांच्या देखरेखीखाली सुरू झालेल्या या मोहिमेत सुमारे ३ लाख दात जमले. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी जन्मलेल्या मुलांच्या दातांत जेवढे स्ट्रॉन्शियम होते, त्याच्या कितीतरी पट नंतरच्या मुलांच्या दातांत सापडले.

सहीह बुखारीमधील जहाजाचा दृष्टान्त येथे आठवल्याशिवाय राहत नाही. चिठ्ठ्या टाकून काहींना जहाजाचा वरचा मजला मिळाला, काहींना खालचा. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागे. त्यांना वाटले, वरच्यांना त्रास देण्यापेक्षा आपल्याच भागात भोक पाडून पाणी घ्यावे. प्रेषितांनी (स.) बजावले की, वरच्यांनी त्यांचा हात धरला नाही तर सगळेच बुडतील, धरला तर सगळेच वाचतील. भोक पाडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, जागाही त्यांच्याच वाट्याची होती. ‘आमच्या समुद्रात, आमच्या सुरक्षेसाठी, आम्ही चाचणी करतो, इतरांनी का बोलावे?’ या युक्तिवादाचे उत्तर या दृष्टान्तात आहे. सेंट लुईसमधील बाळाच्या दातांत जे सापडले, ते हजारो मैलांवरच्या स्फोटांतून आलेले होते.

५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात चाचण्या न करण्याच्या करारावर सह्या केल्या. त्या कराराविषयी राष्ट्राला उद्देशून बोलताना अध्यक्ष केनेडी यांनी मुलांच्या हाडांतील कर्करोगाचा उल्लेख केला. करार अमलात आला त्या १० ऑक्टोबरलाच पॉलिंग यांना शांततेचे नोबेल जाहीर झाले. हे केवळ सह्यांमुळे घडले असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. क्यूबाच्या संकटाने दोन्ही महासत्तांना हादरविले होते. शिवाय जमिनीखालच्या चाचण्या चालूच राहिल्या आणि अण्वस्त्रांची संख्या पुढे वाढतच गेली. बॉम्ब थांबले नाहीत. मुलांच्या दुधात उतरणारे विष मात्र ओसरू लागले. ‘कदाचित’ या शब्दात एवढे मावले, तेही थोडे नव्हे.

साक्षीदाराला इजा होऊ नये

या इतिहासातील एका प्रसंगाकडे फारसे लक्ष जात नाही, पण फिक्हच्या विद्यार्थ्याला तो विशेष बोलका वाटतो. १९६० साली अमेरिकी सिनेटच्या एका उपसमितीने पॉलिंग यांना चौकशीसाठी बोलावले. एवढ्या सह्या जमविणे कम्युनिस्टांच्या मदतीशिवाय अशक्य आहे, असा संशय होता. सह्या करणाऱ्यांची नावे तर संयुक्त राष्ट्रांकडे उघडच होती. समितीला हवी होती ती सह्या गोळा करून पाठविणाऱ्यांची पत्रे. पॉलिंग यांनी ती देण्यास नकार दिला. विश्वासाने मदत केलेल्या तरुणांच्या नोकऱ्या आणि नावलौकिक आपल्यामुळे धोक्यात यावेत हे त्यांच्या सदसद्विवेकाला मान्य नव्हते. अवमानाच्या कारवाईची टांगती तलवार असतानाही ऑक्टोबरमधील दुसऱ्या सुनावणीत ते नकारावर ठाम राहिले. अखेर समितीने माघार घेतली.

सूरह बकराच्या त्याच लांब आयतीत आणखी एक वाक्य आहे, ज्याचा आशय असा की, लिहिणाऱ्याला आणि साक्षीदाराला इजा पोहोचविली जाऊ नये. साक्ष मागणारा समाज साक्षीदाराच्या सुरक्षिततेची हमी देत नसेल, तर त्याला सत्य ऐकण्याचा हक्क उरत नाही. आणि सह्या गोळा करणाऱ्यावर दुहेरी अमानत असते: मजकुराची आणि माणसांची. लोकांना सही करण्यास उभे करायचे आणि संकट आले की बाजूला व्हायचे, ही खियानत आहे.

पॉलिंग यांच्यावर एकांगीपणाचा आरोप होता, त्याचे उत्तर त्यांच्या कृतीतून मिळाले. १९६१ च्या शरद ऋतूत सोव्हिएत संघाने चाचण्या पुन्हा सुरू केल्या तेव्हा त्यांनी ख्रुश्चेव्ह यांनाही निषेध कळविला. याउलट मार्च १९५० च्या स्टॉकहोम आवाहनावर जगभर कोट्यवधी सह्या झाल्या, पण ते सोव्हिएत गोटाच्या शांतता चळवळीतून निघाले असल्याने त्याच्याकडे अनेकांनी संशयाने पाहिले. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात राहिलेले गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी त्या जागतिक शांतता चळवळीत सक्रिय होते, आणि अणुशक्तीऐवजी सौरऊर्जेचा आग्रह त्यांनी प्रतिकूल वातावरणातही धरला. अशा माणसाची तळमळ खरी होती. पण साक्ष एका बाजूच्या छावणीतून दिली गेली की ऐकणारा साक्षीऐवजी छावणीच पाहतो. स्वतःविरुद्धही साक्ष देण्याचा कुरआनचा आदेश साक्षीला विश्वासार्हता देतो, हे येथे कळते.

शक्ती जमविण्याची आयत

येथे एक आक्षेप हमखास येतो. सूरह अन्फालमध्ये (आयत ६०) शत्रूविरुद्ध शक्य तितकी शक्ती सज्ज ठेवण्याचा आदेश आहे, मग अण्वस्त्रांना विरोध कसा? मे १९९८ मध्ये आपल्या देशाने पोखरणला आणि पाठोपाठ पाकिस्तानने चागाईला चाचण्या केल्या तेव्हा दोन्हीकडे मिठाई वाटली गेली. तिकडे काहींनी त्या अस्त्राला इस्लामचे नाव जोडले. इकडे आपल्यातील अनेकांना डॉ. अब्दुल कलाम यांच्या कर्तृत्वाचा अभिमान वाटला. ज्ञानाचा अभिमान स्वाभाविक आहे. परंतु अभिमान हा शरई निर्णयाचा आधार होऊ शकत नाही.

त्या आयतीचा उद्देश शत्रूला आक्रमणापासून परावृत्त करणे हा आहे, आणि लगेच पुढच्या आयतीत समोरचा तडजोडीकडे झुकला तर तुम्हीही झुका, असा आदेश आहे. शक्तीला मर्यादाही घातल्या आहेत. प्रेषितांनी (स.) युद्धात स्त्रिया व मुले यांना मारण्यास मनाई केली. आगीने शिक्षा देण्याचा अधिकार केवळ आगीच्या मालकाचा, म्हणून माणसांना जाळण्यास मनाई केली. जाळलेले मुंग्यांचे वारूळ पाहूनही त्यांनी नापसंती व्यक्त केली. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी सेना पाठविताना वृद्ध, फळझाडे, गुरे आणि मठांत उपासनेत बसलेले यांना हात न लावण्याची ताकीद दिली.

पूर्वीच्या फुकहांनी वेढा घातलेल्या किल्ल्यावर गोफणयंत्राने दगड फेकण्यास गरजेपोटी परवानगी दिली, जरी त्यात एखादा निरपराध सापडण्याची शक्यता होती. हा दाखला अण्वस्त्रांनाही लावता येईल काय? गोफणीचा दगड तटावर रोखता येतो, तो पडला की त्याचे काम संपते. अण्वस्त्राचे लक्ष्यच शहर असते. त्याचा मारा आईच्या उदरातील गर्भापर्यंत आणि त्यानंतरच्या वर्षांपर्यंत जातो. ज्या अस्त्राला सैनिक आणि अर्भक यांत फरक करता येत नाही, त्याला त्या परवानगीच्या छत्राखाली बसविणे मला तरी शक्य दिसत नाही. धाक दाखविण्यापुरते ते ठेवावे असे म्हणणारे विद्वानही आहेत; पण धाक खरा ठरण्यासाठी वापरण्याचा निश्चय खरा असावा लागतो, आणि लक्षावधी निरपराधांना जाळण्याचा निश्चय मनात बाळगणे हीच पहिली अडचण आहे. १९९८ नंतर दोन्ही देशांतील काही शास्त्रज्ञांनी आपापल्या सरकारांविरुद्ध निवेदने काढली. त्यांची संख्या लहान होती. समुद्रकाठच्या त्या वस्तीतही रोखणाऱ्यांनी संख्येचा हिशेब मांडला नव्हता.

आपली सही

काही जण विचारतात, अशा कामात इतर धर्मीयांबरोबर नाव लिहावे काय? प्रेषितत्वाच्या आधी मक्केत एका परक्या व्यापाऱ्याचा माल घेऊन एका सरदाराने पैसे बुडविले, तेव्हा अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी काही लोकांनी पीडिताच्या पाठीशी उभे राहण्याची शपथ घेतली. त्या ‘हिल्फुल फुजूल’ करारात हजरत मुहम्मद (स.) सहभागी होते, आणि इस्लामच्या काळातही तशी हाक आली तर आपण ओ देऊ असे ते पुढे म्हणत. शपथ घेणारे मुसलमान नव्हते. काम न्यायाचे होते. याहून स्पष्ट दाखला कोणता हवा?

मात्र सही ही साक्ष असेल तर साक्षीच्या अटीही तिला लागू होतात. जे ठाऊक नाही त्याच्या मागे न लागण्याचा आदेश सूरह बनी इस्राईलमध्ये आहे; कान, डोळे आणि अंतःकरण यांचा जाब विचारला जाणार आहे. म्हणून मजकूर न वाचता, मोबाइलवर आला म्हणून, ओळखीच्याने सांगितले म्हणून सही करणे ही खोटी साक्ष होण्याचा धोका आहे. वाचावे, विचारावे, पटले तर लिहावे. अतिशयोक्ती दिसली तर ती काढून टाकण्याचा आग्रह धरावा. आणि आपल्याच माणसांच्या अन्यायाविरुद्ध कागद समोर आला, मोहल्ल्यातील असो वा मशिदीच्या कमिटीतील, तेव्हा पेन खिशातच राहणार असेल, तर दूरच्या बॉम्बविरुद्ध केलेल्या सहीचे वजन कमी होते.

आज जगात नऊ देशांकडे सुमारे १२,००० अण्वस्त्रे आहेत. त्यांवर संपूर्ण बंदी घालणारा करार २०१७ साली संयुक्त राष्ट्रांत १२२ देशांच्या मतांनी संमत झाला आणि २२ जानेवारी २०२१ पासून अमलात आला. अण्वस्त्रधारी देशांपैकी एकानेही त्यावर सही केलेली नाही. म्हणजे त्यांच्या सहीची जागा अजून रिकामी आहे. कियामत येऊन ठेपली आणि हातात रोप असेल तर ते लावून टाकावे, असे आपल्या प्रेषितांनी (स.) शिकविले. ते झाड वाढेल की नाही, त्याची फळे कोण खाईल, हे विचारण्याची मुभा त्यात दिलेली नाही. ज्याच्या हाती फक्त लेखणी आहे, त्याच्यासाठी लेखणी हेच रोप होय.

अल्लाह आपल्याला सत्य ओळखण्याची दृष्टी, ते सांगण्याचे धैर्य आणि सांगितल्यावर त्यावर टिकून राहण्याचे बळ देवो, आणि त्याच्यासमोर उभे राहू तेव्हा आपल्या हाती मअजिरतचा कागद असो. आमीन.